ट्रॅक्टर रोखीत घ्यावा की कर्जावर? आधी पेरणीची थैली बाजूला काढा



पाडवा जवळ आला की एक प्रश्न हमखास येतो. "ट्रॅक्टर घ्यायचाय, पैसे आहेत, रोख टाकू की फायनान्स करू?" नायगाव, कंधार, अहमदपूर, औसा, कुठल्याही गावचा माणूस असो, प्रश्न हाच. गावात याची दोन ठरलेली उत्तरं मिळतात. पारावरची जुनी माणसं म्हणतात, कर्जाचा ट्रॅक्टर म्हणजे दारात बांधलेला सावकार. शोरूममधला पोरगा म्हणतो, काका, स्वतःचा पैसा कशाला अडकवता, बँकेचा वापरा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हिशोबात रोख स्वस्त पडते, यात वाद नाही. पण सगळी रोख ट्रॅक्टरात ओतून रिकाम्या हातानं घरी येणं, हे आपल्या मराठवाड्यात कर्जापेक्षा महाग पडू शकतं. आधी एका बुडालेल्या हंगामाचे पैसे बाजूला काढा. उरले तेवढेच ट्रॅक्टरला रोख द्या. राहिलेल्या रकमेचं कर्ज काढा, पण लहान, कमी मुदतीचं आणि सहामाही हप्त्याचं. आणि एवढं करूनही जमत नसेल, तर भाड्याचा ट्रॅक्टर बरा. आता हे का म्हणतोय, ते आकड्यांनी बघू.

बैलाचा हिशोब ट्रॅक्टरला लागत नाही

आपल्या आजोबा-पणजोबांनी बैल रोखीनं घेतले. हाळी-हंडरगुळीचा बाजार असो की माळेगावची यात्रा, देवणी किंवा लाल कंधारी जोडी बघायची, दात मोजायचे, रुमालाखाली बोटं धरून सौदा करायचा आणि पैसे मोजून दावं हातात घ्यायचं. त्या रोखीत एक शहाणपण होतं. साल वाईट गेलं तर तीच जोडी पुढच्या बाजारात उभी करून पैसे परत हातात यायचे. बैल म्हणजे चालती-बोलती ठेव होती.

ट्रॅक्टर तसा नाही. शोरूमबाहेर पडला की त्याची किंमत उतरायला लागते. आणि दुष्काळाच्या साली विकायला काढला तर भाव आणखी पडतो, कारण त्या साली सगळेच विकणारे असतात, घेणारा कोणी नसतो. म्हणून "आपल्या बापजाद्यांनी रोखच दिली" हा दाखला ट्रॅक्टरला पूर्ण लागू पडत नाही. ट्रॅक्टरात अडकलेली रोख अडचणीच्या दिवशी परत मिळत नाही, मिळाली तर अर्धीमुर्धी.

एफडीचा हिशोब कुठं फसवतो

आता दुसरी बाजू. शोरूममध्ये कागदावर एक हिशोब मांडून दाखवतात, तो चांगल्या चांगल्यांना पटतो. आपण उदाहरण धरू. ट्रॅक्टर ऑन रोड ८ लाख. २ लाख डाऊनपेमेंट, ६ लाख कर्ज, व्याज ११ टक्के घटत्या शिल्लकीवर, मुदत ५ वर्षं, सहा महिन्याला एक असे १० हप्ते. हप्ता बसतो सुमारे ७९,६०० रुपये. एकूण भरणा ७ लाख ९६ हजार, म्हणजे व्याज १ लाख ९६ हजार.

मग तो म्हणतो, "काका, तुमचे ६ लाख साडेसहा टक्क्यांनी एफडीत टाका. पाच वर्षांनी ८ लाख २८ हजार होतात. व्याज मिळालं २ लाख २८ हजार, दिलं १ लाख ९६ हजार. उलट ३२ हजार फायद्यात!"

ऐकायला झकास. ११ टक्क्यांनी घेऊन साडेसहानं ठेवायचं आणि तरी फायदा. असं खरंच होत असतं तर बँका कधीच बुडाल्या असत्या. खोट कुठं आहे बघा. एफडी पाच वर्षं हात न लावता ठेवली, मग दर सहा महिन्याला ७९,६०० रुपयांचा हप्ता भरला कुठून? तो आला सोयाबीनच्या पट्टीतून, दुधातून, भाड्याच्या कमाईतून. ते पैसेही तुमचेच होते ना. रोखीनं घेणाऱ्याला हप्ता नाही, म्हणून तो दर सहा महिन्याला तेच ७९,६०० त्याच साडेसहा टक्क्यांनी ठेवू शकतो. पाच वर्षांनी त्याचे होतात सुमारे ९ लाख २४ हजार. कर्जवाल्याचे ८ लाख २८ हजार. म्हणजे रोखवाला ९६ हजारांनी पुढं.

थोडक्यात, कर्जाचा दर ठेवीच्या दरापेक्षा जास्त असेल तोवर कर्ज महागच. कागद कसाही मांडला तरी यात बदल होत नाही. हा हिशोब कोणी मांडला तर एवढंच विचारा, "हप्ता कोणाच्या खिशातून?" विषय संपतो.

मग सगळी रोख का देऊ नये?

कारण आपल्याकडं पगार नाही, हंगाम आहे. आणि हंगाम बेभरवशाचा.

लांब जायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात लेंडी प्रकल्पाच्या भागातली गावं पाण्याखाली गेली. सप्टेंबरमध्ये तर नांदेड, लातूर, धाराशिव, बीड सगळीकडं काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं होतं. कुठं जमीनच खरडून गेली. ऑक्टोबरमध्ये सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. पण पॅकेज जाहीर होणं आणि खात्यावर पैसे पडणं यात किती दिवस जातात, आणि एकरी पडतात किती, ते तुम्ही-आम्ही बघतोच. तोवर हरभऱ्याची पेरणी थांबत नाही, पोरांची फी थांबत नाही.

अशा सप्टेंबरात घरात ट्रॅक्टर नवाकोरा आहे, कर्ज एक रुपयाचं नाही, पण खात्यावर पैसाही नाही, असा माणूस काय करतो? पीककर्ज आधीच उचललेलं असतं. मग आडत्याकडं उचल, नाहीतर सावकार. २०१४ चा सावकारी नियमनाचा कायदा आहे, पण गावात शेकडा तीन रुपये महिना चालूच आहे. तीन रुपये शेकडा म्हणजे वर्षाला ३६ टक्के. अकरा टक्क्यांचं कर्ज नको म्हणून रोख दिली आणि सहा महिन्यांनी छत्तीस टक्क्यांचं घेतलं, असं होऊन बसतं.

हेही आकड्यात बघू. समजा तुमच्याकडं एकूण ९ लाख आहेत आणि ट्रॅक्टर ८ लाखांचा.

पहिला मार्ग: ८ लाख रोख, हातात १ लाख. हंगाम बुडाला, घर आणि पेरणी चालवायला ३ लाख सावकाराकडून ८ महिन्यांसाठी घेतले. व्याज झालं ७२ हजार. एकाच हंगामात.

दुसरा मार्ग: ५ लाख रोख, ३ लाखांचं ११ टक्क्यांनी तीन वर्षांचं कर्ज, सहामाही हप्ता सुमारे ६० हजार. हातात ४ लाख, त्यातले ३ लाख एफडीत. वरच्यासारखाच खरा हिशोब लावला तर रोखीच्या तुलनेत तीन वर्षांत तुमचं नुकसान होतं सुमारे २७ हजार.

म्हणजे ३ लाख हाताशी ठेवायची किंमत तीन वर्षांना २७ हजार, आणि ते नसल्याची किंमत एका वाईट हंगामाला ७२ हजार. आपण गाडीचा विमा काढतो, पिकाचा काढतो. हा घराचा विमा समजा. तीन वर्षांत सहा हंगाम. त्यातला एकही वाईट जाणार नाही असं ज्याला छातीठोक सांगता येतं, त्यानं खुशाल सगळी रोख द्यावी. मला मांजरा-मन्याडच्या खोऱ्यात असा माणूस अजून भेटला नाही.

पेरणीची थैली किती मोठी?

ज्याच्या त्याच्या घरावर आहे. माझा ठोकताळा असा: पुढच्या एका हंगामाचं बी, खत, फवारणी, मजुरी. अधिक आठ महिन्यांचा घरखर्च. अधिक एका दवाखान्याची तरतूद. दहा एकर कोरडवाहू आणि पाच-सहा माणसांचं घर असेल तर ही रक्कम तीन लाखांच्या आसपास जातेच. हे पैसे एफडीत ठेवा, तीसुद्धा दोन-तीन तुकड्यांत, म्हणजे गरज पडली तर सगळी मोडावी लागत नाही. एफडीवर बँक उचलही देते, ती सावकारापेक्षा कितीतरी स्वस्त.

आणि पीककर्जाला यात ओढू नका. वेळेत फेडलं तर ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज केंद्राच्या सवलतीनं ४ टक्क्यांवर येतं आणि राज्यात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलतीमुळं शून्यावर. याच्याइतका स्वस्त पैसा शेतकऱ्याला दुसरा नाही. ते उचलून ट्रॅक्टरचं डाऊनपेमेंट भरणारे आहेत. मग पीककर्ज वेळेत फिरत नाही, सवलत जाते, पुढच्या साली खात्यावर थकबाकी दिसते. विहिरीचं पाणी आटवून हौद भरल्यासारखं आहे ते.

हप्ता रुपयात नको, क्विंटलात मोजा

ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. शोरूममध्ये विचारतात, "सहा महिन्याला ऐंशी हजार जमतील ना?" आपण मनात खळं बघतो आणि हो म्हणतो. पण खळ्यावर रुपये नसतात, सोयाबीन असतं.

२०२१ च्या पावसाळ्यात लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन दहा हजारांवर गेलं होतं. त्या भावानं ७९,६०० चा हप्ता म्हणजे ८ क्विंटल. सोपं वाटलं, आणि त्या भरवशावर ट्रॅक्टर उचलले गेले. पुढं भाव उतरला. २०२४ च्या हंगामात हमीभाव होता ४,८९२ आणि मोंढ्यात त्याच्याही खाली विकावं लागलं. ४,२०० धरला तर तोच हप्ता १९ क्विंटलांचा होतो. कोरडवाहूत एकरी सात-आठ क्विंटल म्हणजे चांगलं पीक. तेव्हा १९ क्विंटल म्हणजे अडीच एकराची पूर्ण रास, त्यातून बी-खत-काढणीचा एक रुपयाही न काढता, सरळ हप्त्याला. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ आहे. तो पूर्ण मिळाला तरी १५ क्विंटल लागतात, आणि खरेदी केंद्रावर नंबर लागून पैसे यायला वेळ लागतो तो वेगळा.

म्हणून सही करायच्या आधी एवढं करा. गेल्या पाच वर्षांतला सगळ्यात कमी भाव घ्या, आपलं सगळ्यात कमी उत्पन्न घ्या, आणि त्यावर हप्त्याचे क्विंटल काढा. खरिपाच्या एकूण मालाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त माल हप्त्यात जात असेल, तर कर्ज मोठं आहे. डाऊनपेमेंट वाढवा, लहान ट्रॅक्टर बघा, नाहीतर थांबा. चौथा हिस्सा हा काही शास्त्राचा नियम नाही, माझा अंदाज आहे. पण एक रेघ आधी आखून ठेवा, नाहीतर शोरूमचा चहा पिताना रेघ पुढं सरकत जाते.

कर्ज घ्यायचंच तर

१. फ्लॅट आणि घटता दर यातला फरक विचारा. "फक्त ९ टक्के" असं ऐकलं की लगेच विचारा, फ्लॅट की घटत्या शिल्लकीवर? ६ लाखांवर ९ टक्के फ्लॅट म्हणजे पाच वर्षांचं व्याज २ लाख ७० हजार, १० सहामाही हप्ते ८७ हजारांचे. घटत्या हिशोबानं हाच दर पावणेपंधरा टक्क्यांच्या आसपास जातो. शेजारची बँक ११ टक्के म्हणते म्हणून महाग वाटते, पण तिचा हप्ता ७९,६०० असतो. ९ वाला ११ वाल्यापेक्षा ७४ हजारांनी महाग!

२. केएफएस मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं बँक असो की फायनान्स कंपनी, किरकोळ मुदत कर्जाला कर्जदाराला की फॅक्ट स्टेटमेंट द्यावंच लागतं, आणि ते आपल्याला समजेल अशा भाषेत. त्यात एपीआर नावाचा आकडा असतो. प्रोसेसिंग फी, विमा, कागदपत्रांचा खर्च, सगळं धरून वर्षाला खरा दर किती, ते त्यात कळतं. दोन ठिकाणचे केएफएस शेजारी ठेवा आणि एपीआर बघा. बाकीच्या गप्पा सोडा.

३. हप्ता सुगीला बांधा. शेतीच्या मुदत कर्जाचे हप्ते पीक हंगामाशी जोडता येतात, खातं थकीत धरण्याचे बँकांचे नियमसुद्धा हंगामावर चालतात. म्हणून मासिक हप्ता घेऊ नका. सोयाबीन विकून झाल्यावर डिसेंबर-अखेर आणि हरभरा-तूर निघाल्यावर एप्रिल-अखेर असे दोन हप्ते मागा. ऊसवाल्यांनी कारखान्याचं बिल प्रत्यक्षात कधी पडतं ते बघून तारीख घ्यावी. कायद्यात चौदा दिवस आहेत, पण हप्ता कायद्यावर भरता येत नाही.

४. बँक की कंपनी? बँकेचा दर कमी, पण फेऱ्या जास्त, आणि बऱ्याच ठिकाणी जमीन गहाण मागतात. सातबाऱ्यावर बोजा चढतो. फायनान्स कंपनी बहुतेक वेळा फक्त ट्रॅक्टरवर कर्ज देते, दोन दिवसांत देते, पण दर चढा आणि हप्ता चुकला की माणूस दारात. दोन्हीत काय गहाण पडतंय ते नीट वाचा. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला. तेव्हा आज नवं कर्ज घेताना दरात घासाघीस करायला तोंड उघडा. बैलाला करतो तसा भाव इथंही करता येतो.

५. थकलंच तर लपू नका. आमच्या शिवारात एकाचा ट्रॅक्टर ऐन पेरणीत ओढून नेला. पैशापेक्षा लोकांसमोर झालेला अपमान माणसाला जास्त लागला, तो दोन महिने मोंढ्यावर आला नाही. २०२२ मध्ये झारखंडच्या हजारीबागेत तर वसुलीवाले ट्रॅक्टर नेत असताना एका शेतकऱ्याची गरोदर लेक त्याखाली सापडून गेली, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं त्या फायनान्स कंपनीला बाहेरचे वसुली एजंट वापरायला काही महिने बंदी केली होती. नियम आहेत: सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत. दंड लावला तरी त्यावर परत व्याज चढवता येत नाही, हे १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. पीक बुडालं की हप्त्याच्या तारखेआधीच पंचनाम्याची प्रत घेऊन शाखेत जा, लेखी अर्ज द्या, पोहोच घ्या. पुनर्गठनाचं दार अर्जानं उघडतं, फोन बंद ठेवून नाही.

६. फिटल्यावर कागद पूर्ण करा. शेवटचा हप्ता भरला म्हणजे कर्ज संपलं असं नाही. एनओसी घ्या, फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा काढा, जमीन गहाण असेल तर तलाठ्याकडं फेरफार करून सातबारा कोरा करून घ्या. भूविकास बँकेची आठवण ठेवा. ट्रॅक्टर, विहीर, पाइपलाइनला तिथून लांब मुदतीची कर्जं मिळायची. बँक बंद पडली, पण बोजे सातबाऱ्यावर वर्षानुवर्षं राहिले. २०२२ मध्ये सरकारनं सुमारे ९६४ कोटींची ती कर्जं माफ केली तेव्हा कुठं अनेकांच्या नातवंडांना जमीन मोकळी दिसली.

आणि कर्जमाफीच्या आशेवर ट्रॅक्टरचा हप्ता थांबवू नका. २०१९ ची महात्मा फुले कर्जमुक्ती पीककर्जाला आणि त्याच्या पुनर्गठनाला होती, ट्रॅक्टरच्या कर्जाला नव्हती.

रोख देणाऱ्यांसाठी

रोख म्हणजे नोटांची पिशवी नव्हे. २०१७ पासून एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोकड घ्यायला विक्रेत्याला आयकर कायद्यानं बंदी आहे. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी हा नियम लागतो. पैसे आरटीजीएसनं किंवा चेकनं द्या, पावती आणि पक्कं बिल घ्या. "थोडे नोटांनी द्या, बिल कमी करतो" असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. पुढं विमा, अनुदान, विक्री सगळीकडं ते बिलच चालतं.

रोखीचा भाव वेगळा मागा. फायनान्स करून दिलं की शोरूमला त्यातही कमिशन असतं, म्हणून रोखवाल्याचं स्वागत जरा थंड होतं. सूट नाही म्हणाले तर सर्व्हिस, हूड, ड्रॉबार, काहीतरी पदरात पाडून घ्या.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, टायर आणि सुट्या भागांवरचा १८ वरून ५. सात लाखांच्या मूळ किमतीवर हा फरक ४९ हजारांचा आहे. चांगली गोष्ट. पण स्वस्त झाला म्हणून गरज तयार होत नाही.

अनुदानाचंही तसंच. महाडीबीटीवर यांत्रिकीकरणात ट्रॅक्टरला सव्वा लाखापर्यंत मिळतं, अल्प-अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातींसाठी. इतरांना एक लाखापर्यंत. पण पूर्वसंमती आधी, खरेदी नंतर. पाडव्याचा मुहूर्त गाठायला आधी घेतला की अनुदान गेलं. आणि पैसा खरेदीनंतर, तपासणी होऊन खात्यावर येतो. म्हणून अनुदान हप्त्याच्या हिशोबात धरू नका, आलं तर मुद्दलात भरा. अण्णासाहेब पाटील महामंडळाच्या व्याज परताव्याचंही तेच: आधी हप्ता वेळेत भरायचा, मग व्याज परत मिळतं. जो हप्ता वेळेत भरू शकतो त्याच्यासाठीच ती योजना आहे.

आणि मुळात ट्रॅक्टर लागतो का?

रोख की कर्ज, या वादात हा प्रश्न मागं पडतो. महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकराच्या आसपास. नांगरटी, पंजी, रोटा, पेरणी, हडंब्याचं काम, सगळं भाड्यानं केलं तर एकरी सहा हजार धरा. आठ एकराला वर्षाचे ४८ हजार. वरच्या ६ लाखांच्या कर्जाचे वर्षाचे दोन हप्ते १ लाख ५९ हजार. डिझेल, ड्रायव्हर, दुरुस्ती आणखी वेगळं. मधली तफावत दुसऱ्याच्या शेतात भाडं मारून काढावी लागते. गावात आधीच वीस ट्रॅक्टर उभे असतील तर एकविसाव्याला भाडं कोण देणार? भाड्याची उधारी वसूल करणं हा तर ट्रॅक्टरपेक्षा मोठा धंदा आहे!

उलट तीच रक्कम चार भावांनी, गटानं किंवा शेतकरी कंपनीनं मिळून लावली, बीबीएफ पेरणी यंत्र आणि मळणीची सोय ठेवली, तर तो ट्रॅक्टर वर्षभर चालतो. कृषी विभागातली जी मंडळी हे पान वाचतात त्यांना विनंती आहे की प्रात्यक्षिकात यंत्र दाखवता, तसा यंत्राचा वर्षाचा तासांचा आणि हप्त्याचा हिशोबही फळ्यावर मांडा. कुठलं यंत्र किती एकरानंतर परवडतं, हे शेतकऱ्याला शोरूमकडून कळणार नाही.

थोडक्यात कोणी काय करावं

थैली बाजूला काढून ट्रॅक्टरची पूर्ण रक्कम उरते आणि काम पुरेसं आहे: रोख द्या, दुसरा विचार नको.

थैली काढून निम्मी-पाऊण रक्कम उरते: तेवढी रोख, राहिलेल्याचं तीन वर्षांचं कर्ज, सहामाही हप्ता. एखादा हंगाम चांगला गेला तर मुद्दल लवकर भरा. त्याला दंड लागतो का, ते सही करतानाच विचारा.

थैली काढल्यावर डाऊनपेमेंटपुरतेच उरतात: भाड्यानं काम करा किंवा भागीदारीत घ्या. दोन वर्षं थांबल्यानं शेती बुडत नाही.

थैलीच भरत नाही: ट्रॅक्टरचा विषय बंद. आधी थैली भरा.

घरात हा हिशोब एकट्यानं करू नका. घरधनीण, म्हातारा-म्हातारी, कळती पोरं, सगळ्यांना बसवून करा. येळवशीला सगळं घर शेतात जेवायला जातंच की, हप्त्याच्या कागदावरही सगळ्यांची नजर पडू द्या. हप्ता थकला तर तो एकट्याचा राहत नाही.

तुमच्या गावातला भाड्याचा दर, बँकेनं सांगितलेला एपीआर आणि हप्ता क्विंटलात किती बसतो, हे खाली लिहा. कंपनीचं नाव नको, आकडे तेवढे लिहा. नांदेडपासून निलंग्यापर्यंतचे आकडे जमले तर पाडव्याआधी घेणाऱ्यांच्या कामाला येतील.

रामराम.